गारपिटीनंतर छताची पाहणी: गारेची खूण कोणती आणि काळाची कोणती?

ओळंबा

गारपीट थांबली की बहुतेक घरांत छताविषयी एकच प्रश्न विचारला जातो: कुठे गळते आहे का? गळत नसेल तर छत सुखरूप आहे असे धरून विषय मिटवला जातो. इमारतींच्या पाहणीचे काम बरीच वर्षे करत असल्यामुळे या समजुतीबद्दल सविस्तर लिहावे असे फार दिवस मनात होते. गारेचा मार छताचे आवरण दुबळे करतो. त्यातून पाणी आत यायला कधी पुढचा पाऊस पुरतो, तर कधी दोन-तीन पावसाळे जावे लागतात, आणि तोवर ती चीर गारेने पडली की जुनाटपणामुळे, हे सांगणे कोणालाही कठीण होऊन बसते. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. गारपिटीनंतर छतावर चढणाऱ्याला प्रत्येक डाग आणि प्रत्येक भेग गारेचीच वाटू लागते, आणि धडधाकट छत उतरवण्याचा सल्ला दिला जातो.

या दोन्ही चुकांपासून वाचायचे असेल तर एक गोष्ट मनाशी पक्की धरावी: एकटी खूण काहीच सिद्ध करत नाही. गारा जागा निवडून पडत नाहीत. त्या छतावर पडल्या असतील तर पन्हळीवर, खिडकीच्या जाळीवर, पाण्याच्या टाकीच्या झाकणावर, कुंपणाच्या रंगावर आणि वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातील पातळ पात्यांवरही पडलेल्या असणार. या सगळ्यांवरच्या खुणा आकाराने आणि दिशेने एकमेकींशी जुळल्या, तरच छतावरच्या खुणेला गारेची खूण म्हणावे.

म्हणून पाहणीची सुरुवात जमिनीवरून करावी. घराभोवती एक फेरी मारून मऊ धातूच्या वस्तू आधी पाहाव्यात. अ‍ॅल्युमिनियमची पन्हळ, धुराड्याची टोपी, वायुवीजनाच्या नळीचे झाकण, भिंत आणि छत यांच्या सांध्यावरची पत्र्याची पट्टी यांवर पोचे लवकर पडतात आणि ते सहज दिसतात. धातूवरचा पोचा हा बहुधा गारेपेक्षा लहान असतो, त्यामुळे पोच्याचा व्यास म्हणजेच गारेचा व्यास असे समजू नये. पोचे कोणत्या बाजूला जास्त आहेत हेही टिपून ठेवावे, कारण वाऱ्याबरोबर आलेल्या गारा घराच्या एका अंगाला जोरात लागतात आणि विरुद्ध अंगाला जवळजवळ लागत नाहीत. छताच्या चारही उतरणींवर सारख्याच खुणा असतील आणि त्या दिवशी वारा मात्र जोराचा असेल, तर संशय घ्यायला जागा आहे.

आणखी एक खूण पाहण्याजोगी असते. जुन्या पत्र्यावर, कौलांवर, लाकडावर किंवा सिमेंटच्या पृष्ठभागावर धूळ, शेवाळ आणि हवेने चढलेला मळकट थर असतो. गार आपटली की तेवढ्या जागेचा थर झटकला जातो आणि स्वच्छ, उजळ ठिपका उरतो. हा ठिपका म्हणजे नुकसान नव्हे, पण गारा पडल्याचा आणि त्या कोणत्या दिशेने आल्या याचा तो उत्तम पुरावा आहे. वारा तिरका असेल तर ठिपकेही लांबट उमटतात. ऊन-पावसाने ते हळूहळू पुसट होतात, म्हणून त्यांची छायाचित्रे सर्वांत आधी घ्यावीत.

गारेच्या आकाराबद्दलही थोडे लिहितो, कारण ‘गारा मोठ्या होत्या’ या वाक्यातून काहीच समजत नाही. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, आणि मोठी गार अधिक वेगाने खाली येत असल्यामुळे आघाताची ऊर्जा सुमारे १६ पट होते. अडीच सेंटीमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा साडेसात ग्रॅमच्या आसपास भरतो, तर पाच सेंटीमीटरचा ६० ग्रॅमच्या आसपास. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेने २०१० मध्ये तीव्र गारपिटीची किमान मर्यादा पाऊण इंचावरून एक इंचावर नेली, ती याच आकारापासून लक्षणीय नुकसान होऊ लागते या निरीक्षणाच्या आधारे. अर्थात उन्हाने ठिसूळ झालेल्या जुन्या छताला त्याहून लहान गारही पुरते. गारा पडत असताना बाहेर जाऊ नये; थांबल्यावर दोन-चार मोठ्या गारा मोजपट्टीशेजारी ठेवून छायाचित्र घ्यावे आणि त्या पिशवीत घालून शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवाव्यात.

ओल्या छतावर, विशेषतः गारांचा थर विरघळत असताना, कोणीही चढू नये. दुर्बीण किंवा लांबचे टिपणारा कॅमेरा यांतून पहिल्या पाहणीपुरते पुष्कळ दिसते. ज्यांच्या छताचा प्रकार वेगळा असेल त्यांनी तो नमूद करून प्रश्न विचारावेत. प्रत्येक आवरण गारेचा मार वेगळ्या रीतीने दाखवते.

पागोळी

अतिशय उपयुक्त लेखन. आमचे छत मातीच्या कौलांचे आहे. गेल्या गारपिटीनंतर काही कौले फुटलेली आढळली, आणि पाहायला आलेल्या कारागिराने सगळीच फूट गारेची असल्याचे सांगितले. मला मात्र त्यांपैकी काही तडे पूर्वीपासून असावेत अशी शंका आहे. तडा नवा की जुना हे घरच्या माणसाला ओळखता येते का?

ओळंबा

पागोळी, आपली शंका रास्त आहे, आणि हो, बऱ्याच अंशी ओळखता येते.

सर्वांत भरवशाची गोष्ट म्हणजे तुटलेल्या कडेचा रंग. भाजलेल्या मातीची ताजी फूट आतून एकसारख्या, तेजस्वी रंगाची असते आणि तिच्या कडा बोटाला टोचतात. जुन्या फुटीत धूळ बसलेली असते, कडा काळपट पडलेल्या असतात आणि पुष्कळदा त्यात शेवाळाची हिरवी रेषा दिसते. शेवाळ एका रात्रीत धरत नाही, त्यामुळे ज्या तड्यात ते आहे तो तडा कालच्या गारपिटीचा असू शकत नाही.

दुसरी गोष्ट फुटीची जागा. कौलाला खालून रिपेचा आधार असतो तिथे ते मार सहन करते. आधार नसलेली कड आणि दोन कौले एकमेकांवर चढतात तिथला कोपरा हे त्याचे दुबळे भाग. म्हणून गारेने बहुधा कोपऱ्याचा किंवा खालच्या कडेचा अर्धचंद्राकृती तुकडा उडतो. आघात जोराचा असेल तर मध्यभागी भोक पडून त्याभोवती किरणांसारखे तडे पसरतात. माणसाच्या पायाखाली फुटलेले कौल वेगळे दिसते. त्यात एकच लांब तडा आडवा किंवा उभा जातो, आणि अशी कौले ओळीने सापडतात: शिडी लावण्याच्या जागेपासून अँटेनापर्यंत, किंवा टाकीपर्यंत. फुटलेल्या कौलांची जागा कागदावर खुणा करून मांडली की गारांचा विस्कळीत पसारा आणि पायवाटेची रांग यांतला फरक आपोआप दिसू लागतो.

उडालेले तुकडेही शोधावेत. ताज्या फुटीचे तुकडे पन्हळीत, खालच्या कौलांवर किंवा भिंतीच्या पायथ्याशी सापडतात आणि जागेवर नेमके बसतात. तसे तुकडे आढळले तर ते फेकून न देता, कोणत्या कौलाचे आहेत ते लिहून ठेवावेत.

सूक्ष्म तडा डोळ्यांना दिसत नाही, पण आवाजात कळतो. कौल हाताला लागण्याजोगे असेल तर लाकडी मुठीने हलकेच टिचकावे. धड कौल खणखणीत वाजते, तडकलेले बद्द वाजते. शेवटी, स्वच्छ उन्हाच्या वेळी माळ्यावर दिवे मालवून बसावे आणि वर पाहावे. उजेडाच्या बारीक रेषा जिथे दिसतील तिथे एकतर फूट आहे किंवा कौल सरकले आहे. मात्र एकमेकांवर चढलेल्या भागातील फूट अशी दिसणार नाही, कारण खालचे कौल उजेड आणि पाणी दोन्ही अडवते. खालचे कौल हलले की तीच फूट गळू लागते.

जस्तगिरी

पत्र्याच्या छतांवर मी अनेक वर्षे काम करत आहे, म्हणून त्याविषयी थोडी भर घालतो. पत्र्याच्या बाबतीत दोन प्रश्न नेहमी वेगळे ठेवावे लागतात. पत्र्याचे रूप बिघडले आहे का, हा एक प्रश्न, आणि पत्र्याचे काम बिघडले आहे का, हा दुसरा. गारेने पडलेले उथळ, गोल पोचे पुष्कळ वेळा फक्त दिसायला वाईट असतात. पाणी अडवण्याची पत्र्याची शक्ती आणि त्याचे आयुष्य त्यामुळे कमी होत नाही. पत्रा बदलण्याआधी हे मान्य करणे घरमालकाच्या हिताचे आहे.

काम बिघडले आहे की नाही हे पोच्याच्या मध्यावरून नव्हे, तर बाकीच्या ठिकाणांवरून ठरते. दोन पत्र्यांच्या जोडावर मार बसून जोड उघडला आहे का, स्क्रूखालचा रबरी वॉशर फाटला किंवा सरकला आहे का, पोच्याच्या कडेला रंगाचा किंवा जस्ताचा थर तडकला आहे का, आणि उतार फार कमी असेल तर पोच्यात पाणी साचून राहते का, हे पाहावे. जस्ताचा थर बारीक ओरखड्यापुरते लोखंडाचे रक्षण करतो, कारण तिथे आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते; पण थर मोठ्या भागात तडकला आणि तिथे पाणी राहिले तर गंज धरणारच.

पोचे शोधण्यासाठी सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरके ऊन सर्वांत चांगले. भर दुपारी वरून पडणाऱ्या उजेडात उथळ पोचे अजिबात दिसत नाहीत. पन्हळीवर किंवा सांध्याच्या पट्टीवर खडूचा तुकडा आडवा धरून हलक्या हाताने घासावा. उंच भागावर खडू लागतो आणि पोच्याची जागा कोरी राहते, त्यामुळे छायाचित्रातही ती स्पष्ट येते.

गारेचा नसलेला पोचा ओळखण्याच्या दोन खुणा सांगतो. पन्हाळी पत्र्याच्या उंचवट्यावर लांबट दाबलेला भाग असेल तर तो बहुधा पायाचा असतो. आणि जिथे दोन पत्रे एकमेकांवर चढतात तिथे वरचा पत्रा सरळ असून खालच्या पत्र्याला पोचा असेल, तर तो पत्रा बसवण्याआधीच, वाहतुकीत किंवा रचून ठेवताना पडलेला आहे. वरच्या पत्र्याला न लागता गार खालच्याला लागू शकत नाही.

मृद्गंध

आमच्या मागच्या पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत. वर चढून पाहावे का? वरून एक-दोन ठिकाणी काळ्या रेषा दिसतात.

जस्तगिरी

मृद्गंध, कृपया चढू नका. हे मी आग्रहाने सांगत आहे. जुने सिमेंटचे पत्रे ठिसूळ असतात आणि गारेच्या माराने त्यांत आतून तडे गेलेले असले तरी वरून ते अखंड दिसतात. अशा पत्र्यावर पाय ठेवताच तो मोडतो, आणि माणूस थेट खालच्या फरशीवर येतो. खिळ्यांच्या रांगेवरून चालले तर धोका नाही असे काही जण सांगतात. त्यावर विसंबू नये.

सुदैवाने या पत्र्याची खरी पाहणी खालूनच होते. गार वरून आदळली की पत्र्याची खालची बाजू ताणली जाते आणि तडा आधी तिथे उमटतो. छताखाली उभे राहून विजेरीचा झोत पत्र्याला जवळजवळ समांतर धरावा. एका बिंदूपासून तीन-चार दिशांना फाकणारे तडे किंवा खालच्या बाजूची उडालेली खपली दिसली, तर ती आघाताची खूण आहे. पाऊस पडून गेल्यावर लगेच पाहिल्यास तड्याच्या रेषेत ओल दिसते आणि काम सोपे होते. खिळ्याच्या भोकापासून निघून कडेकडे जाणारा एकच तडा मात्र सहसा घट्ट आवळलेल्या बोल्टचा किंवा पत्र्याच्या आकुंचन-प्रसरणाचा असतो.

रसायनी

जस्तगिरी यांच्या सूचनेला जोडून एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉस (एक तंतुमय खनिज) असण्याची शक्यता मोठी असते. पत्रा अखंड असताना त्याचे तंतू सिमेंटमध्ये बांधलेले राहतात. तो फुटला, कापला किंवा घासला गेला की ते हवेत मिसळतात, आणि श्वासावाटे फुप्फुसात गेलेल्या तंतूंमुळे अनेक वर्षांनंतर गंभीर आजार, कर्करोगसुद्धा, होऊ शकतात. म्हणून गारपिटीनंतर खाली पडलेले तुकडे कोरड्या झाडूने लोटू नयेत, पत्र्याला भोके पाडू नयेत आणि करवतीने कापू नये. तुकड्यांवर पाणी शिंपडून ते ओले ठेवावेत, मुलांना आणि जनावरांना त्या जागेपासून दूर ठेवावे, आणि पत्रे उतरवण्याचे काम त्याची सामग्री असलेल्या जाणकारांवरच सोपवावे. साधा कापडी मास्क या तंतूंना अडवत नाही.

चांदणी चौकट

आमच्या छतावर सौर पटले (सोलर पॅनेल) आहेत. गारपिटीनंतर काच कुठेही फुटलेली नाही आणि वीजनिर्मितीही नेहमीसारखीच दिसते. एवढ्यावर समाधान मानावे का?

सौरदीप

बहुतेक वेळा मानता येते, पण काही गोष्टी तपासून घ्याव्यात. पटलांची प्रमाणित चाचणी, आयईसी ६१२१५ (विद्युत उपकरणांचे एक आंतरराष्ट्रीय मानक), यात २५ मिलिमीटर व्यासाचे बर्फाचे गोळे सेकंदाला २३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाने पटलावर ११ ठिकाणी मारले जातात. त्यामुळे एवढ्या आकाराच्या गारांनी चांगले पटल सहसा फुटत नाही. गारा त्याहून बऱ्याच मोठ्या असतील तर काच शाबूत राहूनही आतील सिलिकॉनच्या चकतीला केसासारखे तडे जाऊ शकतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. विद्युत-प्रदीप्ती चित्रणात, म्हणजे पटलात वीज सोडून त्याचा अंधुक प्रकाश खास कॅमेऱ्याने टिपल्यावर, ते काळ्या रेषांच्या रूपात दिसतात. त्यांतून पुढे तापलेले डाग निर्माण झाले तर ते उष्णतादर्शक कॅमेऱ्यात आढळतात.

घरच्या घरी करण्याजोगे एवढेच, की निरभ्र दिवसाची निर्मिती गारपिटीपूर्वीच्या तशाच दिवसाशी ताडून पाहावी, आणि यंत्रणेत प्रत्येक रांगेची किंवा प्रत्येक पटलाची नोंद वेगळी मिळत असेल तर एखादे इतरांच्या मागे पडत आहे का हे काही महिने पाहत राहावे. एकूण आकड्यात एका पटलाची घट लपून जाते. काच फुटलेली असेल तर मात्र त्या पटलाला हात लावू नये आणि त्यावर पाणीही मारू नये. उजेड असेपर्यंत पटलात विद्युतदाब असतो.

ओळंबा

सौरदीप यांनी पटलांचा विषय काढला म्हणून एक महत्त्वाची गोष्ट आठवली. पटलांखालचे छत गारांपासून झाकलेले असते. म्हणजे एकाच वयाचे, एकाच मालाचे, एकाच कारागिराने बसवलेले आवरण शेजारी शेजारी दोन अवस्थांत उपलब्ध होते: एक गारा खाल्लेले आणि एक न खाल्लेले. ज्या खुणा उघड्या भागावर आहेत पण झाकलेल्या भागावर नाहीत, त्या गारेच्या असण्याची शक्यता फार मोठी. ज्या दोन्हीकडे सारख्या आहेत त्या मालाच्या दोषाच्या किंवा वयाच्या. अर्थात झाकलेल्या भागाला ऊनही कमी लागलेले असते, हे तुलनेत ध्यानात घ्यावे. पटले नसतील तर मोठ्या फांदीखालचा, उंच भिंतीच्या आडोशाचा किंवा टाकीमागचा भाग याच कामाला येतो. मी कोणत्याही छताच्या पाहणीत असा आडोसा आधी शोधतो, कारण तिथे मिळणारे उत्तर कोणाच्याही मतावर अवलंबून नसते.

वळचण

आमच्या घरावर डांबरी शिंगल, म्हणजे कौलांसारख्या एकमेकांवर चढवलेल्या डांबरी पट्ट्या, आहेत. गारपिटीनंतर पन्हळीच्या तोंडाशी वाळूसारखे बारीक काळे खडे पुष्कळ जमले. हे नुकसानाचे लक्षण मानावे का?

ओळंबा

वळचण, हे लक्षण आहे, निर्णय नव्हे. शिंगलवर दगडी कणांचा थर असतो आणि तो डांबराला उन्हातील अतिनील किरणांपासून वाचवतो. नव्या छतावरून सैल कण पहिल्या काही पावसांत वाहून जातातच, आणि जुन्या छतावरून वयोमानाने गळतात. पन्हळीतील कणांवरून एवढेच कळते की छत आणखी बारकाईने पाहायला हवे.

गारेचा फटका बसलेल्या जागी कण डांबरात रुतलेले किंवा उडालेले असतात, जागा साधारण गोल पण कडा अनियमित असते, आणि उघडे पडलेले डांबर काळेभोर, चकचकीत दिसते. ऊन लागून ते काही काळाने करडे होते, त्यामुळे करडा डाग जुना समजावा. अशा जागेवर बोटाने अलगद दाबून पाहावे. आतील जाळीदार गाभा मोडलेला असेल तर ती जागा पिकलेल्या फळाच्या मार लागलेल्या भागासारखी मऊ लागते. गाभा मोडला असेल तर नुकसान खरे. नुसते कण विरळ झाले असतील आणि खालचा भाग टणक असेल, तर तो भाग नोंदवून त्यावर लक्ष ठेवावे.

सर्वाधिक गल्लत होते ती फोडांमुळे. शिंगलमध्ये अडकलेली हवा किंवा ओल उन्हाने तापून लहान फोड येतात, आणि ते फुटले की खोलगट खड्डा उरतो. त्या खड्ड्याच्या भिंती उभ्या असतात, तळाशी दाबल्याची खूण नसते आणि आजूबाजूला न फुटलेले फोडही सापडतात. गारेची खूण वरून दाबलेली असते. फोड आतून वर आलेला असतो. उन्हाच्या बाजूच्या उतरणीवर फोड जास्त असतात, गारेच्या खुणा वाऱ्याच्या बाजूला जास्त असतात, आणि या दोन बाजू वेगळ्या असल्या तर निवाडा सोपा होतो.

या कामात पाहणी करणारे बहुधा प्रत्येक उतरणीवर दहा फूट गुणिले दहा फुटांचा चौकोन आखतात आणि त्यातल्या स्पष्ट आघातांची संख्या मोजतात. नजरेने ‘पुष्कळ मार लागला आहे’ असे म्हणण्यापेक्षा ही रीत कितीतरी प्रामाणिक आहे, कारण चौकोन चांगल्या जागी धरला की वाईट जागी, हे दुसऱ्याला पडताळून पाहता येते.

गच्चीवाला

सपाट काँक्रीटच्या स्लॅबला गारांची चिंता नसावी असे मी समजत होतो.

ओळंबा

स्लॅबला नसते, स्लॅबवरच्या जलरोधक थराला असते. डांबरी पट्ट्यांचा थर असेल तर तारेच्या आकाराचे किंवा एकात एक वर्तुळांसारखे तडे शोधावेत. थराखाली मऊ उष्णतारोधक असेल तर मार अधिक खोल जातो. रंगासारखा लावलेला थर असेल तर तो जिथे आधीच सुटलेला होता तिथे त्याच्या खपल्या उडतात. पण गच्चीवर सर्वांत आधी पाहायचे ते पाणी जाण्याचे तोंड. गारा आणि झडलेली पाने यांनी ते बंद होते आणि मागून येणारा पाऊस तुंबतो. एका चौरस मीटरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे १० किलो वजन, आणि कठड्याच्या सांध्यापर्यंत पाणी चढले की ते अशा वाटेने आत शिरते जिथे एरवी कधीच पोहोचत नाही. त्यामुळे गारपिटीनंतर भिंतीच्या वरच्या कडेला ओल आली तर थर फुटला असे लगेच ठरवू नये. आधी तोंड तुंबले होते का हे पाहावे.

उंबरठा

माझे मत थोडे वेगळे आहे. एवढी बारीक तपासणी करून मनाला घोर लावून घेण्यापेक्षा गळती दिसेल तेव्हा दुरुस्ती करावी. छतावर खुणा तर असणारच.

पागोळी

उंबरठा, लाकडी वासे असलेल्या घरात हे मत मला धोक्याचे वाटते. पाणी छतातून आत येते ती जागा आणि छताखाली डाग दिसतो ती जागा एकच नसते. पाणी वाशावरून वाहत दुसऱ्याच कोपऱ्यात उतरते. डाग दिसेपर्यंत वासा आणि रिपा कुजायला लागलेल्या असू शकतात. फुटके कौल बदलणे सोपे आहे, कुजलेला वासा बदलणे नाही.

ओळंबा

पागोळी यांच्याशी मी सहमत आहे. उंबरठा यांचा मुद्दा केवळ रूप बिघडलेल्या पत्र्याला लागू पडतो, तिथे स्वस्थ बसण्यात काही गैर नाही. पण विमा असेल तर वाट पाहण्यात आणखी एक तोटा आहे: गारपीट कोणत्या दिवशी झाली आणि नुकसान त्याच दिवशीचे आहे, हे दाखवणे दर महिन्यागणिक अवघड होते. विम्याच्या करारात कळवण्याची मुदत असते, आणि धातूच्या छतावरचे फक्त दिसण्यापुरते पोचे पुष्कळ करारांत वगळलेले असतात. हे दोन्ही भाग आधी वाचून घ्यावेत. छायाचित्रे घेताना प्रथम संपूर्ण बाजू, मग तिचा एक भाग आणि शेवटी जवळून खूण, अशा क्रमाने घ्यावीत. नुसत्या जवळून घेतलेल्या चित्रात ती खूण कोणत्या छतावर आहे हेच कळत नाही. पाणी आत येत असेल तर ताडपत्री लगेच टाकावी, मात्र टाकण्यापूर्वीची स्थिती टिपून ठेवावी. फुटलेला भाग तपासणीआधी फेकून देऊ नये.

रसायनी

गारपिटीनंतर न बोलावता दारात येणाऱ्या दुरुस्ती करणाऱ्यांबद्दलही लिहावे ही विनंती. आमच्या ओळखीच्या एका घरी असा मनुष्य एकटाच छतावर गेला आणि खाली येऊन त्याने ठळक खुणांची छायाचित्रे दाखवली.

ओळंबा

रसायनी, हा अनुभव पुष्कळांना येतो. प्रामाणिक कारागीरही असेच येतात, म्हणून सरसकट दोष देता येत नाही. पण घरमालकाने आपली छायाचित्रे त्यांच्या आधी घेतलेली असावीत. हातोडीने किंवा नाण्याने केलेल्या खुणा पकडता येतात. त्या सगळ्या जवळजवळ एका मापाच्या असतात, तर खऱ्या गारा लहान-मोठ्या असतात. त्या हात पोहोचेल अशा जागी गोळा झालेल्या असतात. कडा, कोपरे आणि चढायला अवघड भाग कोरे राहतात. हातोडीखाली दगडी कण चिरडून त्यांची पूड होते आणि नाण्याने घासलेल्या जागी ओरखडे दिसतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे छतावर ‘गारा’ आणि पन्हळीवर, जाळीवर, वायुवीजनाच्या झाकणांवर काहीच नाही, असा विसंवाद दिसतो.

वळचण

नवीन शिंगल घ्यायचे ठरले तर ‘आघातरोधक’ म्हणून विकले जाणारे घ्यावेत का?

ओळंबा

माझ्या मते जिथे गारा वारंवार पडतात तिथे घ्यावेत, पण त्या शब्दामागची चाचणी समजून. यूएल या अमेरिकी चाचणी संस्थेच्या यूएल २२१८ या चाचणीत चार श्रेणी आहेत. चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीसाठी दोन इंच व्यासाचा पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि मालाला तडा जाता कामा नये अशी अट असते. चाचणी नव्या मालावर होते. उन्हात दहा-पंधरा वर्षे तापलेला माल तसाच वागेल याची ती हमी देत नाही. शिवाय तडा न जाता पोचा पडला तरी धातूचा पत्रा या चाचणीत उत्तीर्ण होतो. म्हणून दिसण्याबद्दल आग्रह असेल तर श्रेणीवर विसंबून पत्रा घेऊ नये.

मृद्गंध

आपल्या सांगण्याप्रमाणे खालून विजेरीने पाहिले. दोन पत्र्यांवर एका बिंदूपासून फाकलेले तडे स्पष्ट दिसले. काळ्या रेषांपैकी एक मात्र बोल्टपासून निघालेली आहे. पत्रे बदलेपर्यंत पडवीचा वापर बंद ठेवत आहोत. दुसऱ्यांदा पाहणी केव्हा करावी?

जस्तगिरी

मृद्गंध, पडवी बंद ठेवण्याचा निर्णय योग्य आहे. पुढची पाहणी पहिल्या मोठ्या पावसानंतर, छत वाळण्याआधी, त्याच जागी उभे राहून आणि विजेरी त्याच कोनात धरून करावी. आज तड्यांच्या टोकांशी खालून पेन्सिलने हलकी खूण करता आली तर करून तारीख लिहावी. पत्रा दाबला जाणार नाही, इतकाच हात लावावा. तडा त्या खुणेपलीकडे गेला असेल तर पत्रे बदलण्याचे काम पुढे न ढकलता लगेच करून घ्यावे. बोल्टपासून निघालेल्या तड्यालाही तशीच खूण करावी.